सिद्धूने पाहिलेला थेंब

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, आज मी सांगलीच्या एका शाळेच्या कपाटात धूळ खात पडलो आहे. पण १९९६ साली मी इथल्याच एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत होतो. तिथे रक्त तपासणाऱ्या शरयूबाई रोज माझी भिंगे मऊ फडक्याने पुसत आणि मी फुशारून जाई.

त्या वर्षी आटपाडीकडचा मेंढपाळ सिद्धू आपल्या नऊ वर्षांच्या अंजनाला घेऊन आला. तिला रक्ताचा कर्करोग होता. तिच्या रक्ताचा थेंब पसरलेल्या काचपट्टीवर रोगट पेशींची नुसती दाटी झाली होती. मला फार वाईट वाटले.

औषध सुरू झाले. चार-पाच दिवसांनी त्याच पेशी आक्रसलेल्या दिसू लागल्या, त्यांच्या केंद्रकाचे तुकडे झाले होते. शरयूबाईंनी सिद्धूला समजावले, "औषधानं पेशीत प्राणवायूचे दाहक कण वाढतात. रोगट पेशीत ते आधीच जास्त असतात, त्यामुळे तिला हा ताण सोसत नाही. मग ती स्वतःच स्वतःला संपवते. तशी सोय पेशीत मुळातच असते."

महिन्याने सिद्धूने स्वतः माझ्यातून पाहिले. नुसत्या नजरेने कळपातली कुठली मेंढी कमी आहे ते ओळखणारा माणूस तो. बराच वेळ डोळा लावून म्हणाला, "बाई, एकबी वाईट पेशी न्हाई. पोरगी बरी झाली."

"हा एकच थेंब आहे, सिद्धूभाऊ. हाडांच्या आत अजून लपलेल्या असतील. औषध दोन-तीन वर्षं चालवायचं आहे."

"माज्या डोळ्यानं बघितलंय न्हवं. दिवाळी झाली, मेंढरं चराईला पाटणकडं न्ह्यायला पायजेत. माघारी आलो की आणतो."

निघताना अंजनानेही माझ्यातून पाहिले. तिच्या पापण्या माझ्या भिंगाला घासल्या. ती हसली.

उन्हाळा सरताना ते परतले, तेव्हा काचपट्टी पुन्हा भरलेली होती. तेच औषध दिले, पण उरलेल्या पेशी तो दाह सोसायला शिकल्या होत्या. एकही आक्रसली नाही. नागपंचमीच्या आधी अंजना गेली.

नंतर सिद्धू एकदाच आला. माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "ह्यानं मला खोटं दावलं व्हय, बाई?"

शरयूबाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. मी खरेच दाखवले होते, पण एका थेंबापुरते. हे त्याला सांगायला मला तोंड नव्हते.

मित्रांनो, मला जपून पुसा. माझ्यात दिसले नाही म्हणून आजार गेला असे समजू नका, औषध सांगितले तितके दिवस घ्या. आणि माझ्या वरच्या भिंगाला डोळा लावाल, तेव्हा हळू लावा. तिथे अंजनाच्या पापण्या लागल्या होत्या.