एका थेंबाची साक्ष

"पुसू नका. खाली वाका आणि तो थेंब आपला आपण पडू द्या." थोरल्या सिस्टरांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे.

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. साखर तपासायच्या कागदी पट्ट्यांची. कारखान्यात माझ्या पोटात पट्ट्या भरल्या, तेव्हा काम एवढंच होतं : लघवीत साखर असली की पट्टीने हिरवं व्हायचं. पण डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डात मला मोठा मान मिळाला. मेंदूभोवती स्वच्छ पाणी असतं, त्यात साखर असते. कवटीला बारीक चीर पडली तर ते नाकातून ठिबकतं, आणि माणूस सर्दी समजून पुसत राहतो. त्याच वाटेने जंतू मेंदूपर्यंत चढतात. म्हणून खाटेपाशीच माझी पट्टी थेंबात बुडवत. मिनिटात निवाडा. डॉक्टर म्हणत, "डबी एवढीशी, पण शब्द पक्का." मी फुगून जाई.

देवाला स्मरून सांगते, माझा शब्द पक्का नव्हता. साखर रक्तातही असते, आसवांतही. एका पावभट्टीवाल्याच्या थेंबाने मी हिरवी झाले. त्याची कवटी उघडली, चीर सापडलीच नाही. त्या ऑपरेशनात त्याला वास येणं मात्र कायमचं गेलं. पुढे दाखवायला आला तेव्हा हसत म्हणाला, "सिस्टर, आता पाव करपला की शेजारी येऊन सांगतात." सिस्टर हसल्या नाहीत.

मग एके दिवशी शिंपीणकाकू आल्या, थोरल्या जावेसोबत. जिन्यावरून पडल्याला तीन आठवडे झाले होते.

"मशीनवर वाकले की थेंब पडतो, गिऱ्हाइकाच्या कापडावर," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"सर्दीच ती. वाफ घे म्हटलं तर हिला वेळ कुठाय," जाऊबाई म्हणाल्या.

पट्टी हिरवी झाली. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं.

"जन्मभर कापडाला टाके घातले," काकू पुटपुटल्या, "आता माझी पाळी."

सिस्टर हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, या सकाळपासून रडतायत. डोळ्यातलं पाणी नाकातच उतरतं. डबीवर नको जायला."

डॉक्टरांनी हिरवी पट्टी बाजूला ठेवली. "नवं किट लावा," म्हणाले.

ते किट तळहातात मावतं. मेंदूच्या पाण्यात असणारं आणि आसवांत जवळजवळ नसणारं एक द्रव्य ते ओळखतं. दोन रेघा उठल्या तर पाणी मेंदूचं. वीस मिनिटं लागतात.

काकूंनी सिस्टरांचा हात धरला. "मला गोड करून सांगू नका. आणि दुसऱ्या कुणाकडून नको."

"मीच येईन. जे असेल ते सांगेन."

ती वीस मिनिटं मी किटशेजारी पडून होते. मनात म्हणत होते, माझं खोटं ठरू दे, हिची कवटी उघडायला नको. दुसरी रेघ उठली. आधी फिकट, मग ठळक.

म्हणजे माझं खरं निघालं. पण मित्रांनो, मला ते ठाऊक नव्हतं. मी आसवांनी हिरवी झाले की मेंदूच्या पाण्याने, हे आजही सांगता येणार नाही. न कळता खरं ठरणं म्हणजे खरं बोलणं नव्हे. मला फेकू नका, साखर जरूर विचारा. पण ज्याची मला जाण नाही, त्याची साक्ष माझ्याकडून काढू नका. आणि तुम्हाला कुणी असं काही विचारलं, तर "ठाऊक नाही" म्हणायला लाजू नका.

सिस्टरांनी दोन्ही रेघा पुन्हा एकदा निरखल्या. हात धुतले, कोरडे केले.

"मी सांगू का?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि पावलांचा आवाज न करता त्या काकूंच्या खाटेकडे निघाल्या.