बाळाच्या पोटावरचे पाच शिक्के

बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढत होती, आणि मधोमध मंतरलेलं पाणी देणारा बाबा! हातात शिवणवालीची पाच महिन्यांची पोर, उघडीच.

"बघा! पोटावर पाच काळे डाग होते की नाही? वाईट सावलीचे शिक्के! आठ दिवस माझं पाणी शिंपडलं, शिक्के पुसट!"

पुसट झाले होते खरेच! पण शिवणवालीचा जीव थाऱ्यावर नव्हता. हे तिसऱ्यांदा होत होतं. बाबाकडे ठेवलं की डाग जायचे, घरी आणलं की चार दिवसांत परत, तेही चिघळून. पोर रात्रंदिवस वळवळायची.

"तुझ्या मनात शंका, म्हणून येतात," सासू म्हणायची.

आता तर बाबाने फर्मान काढलं, "पुन्हा उठले, तर पोर कायमची इथेच."

आणि पुन्हा उठलेच की! शिवणवालीने पोरीला उचललं, दवाखाना गाठला नि बाबाचं सगळं सांगितलं.

डॉक्टरबाई वाकून बघत म्हणाल्या, "गजकर्णासारखं दिसतंय, पण एक्झिमा, म्हणजे इसब वाटतो. सावळ्या बाळाच्या अंगावर तो लाल न दिसता काळपट दिसतो. त्यात असा गोल गोल आला की भलेभले फसतात. पण काय गं, हे सगळे एका रेषेत कसे?"

शिवणवालीने सवयीने गळ्यातली टेप लावली. पहिला ते दुसरा, दीड इंच. दुसरा ते तिसरा, दीड इंच. हात थबकले.

"अगं बाई! हे तर माझंच माप! झबल्याची टिचबटणं!"

"आणि बाबाकडे काय घालतेस हिला?"

"काहीच नाही. शिवलेलं कापड सावलीला चालत नाही म्हणे. नुसतं फडकं."

"मग बटण गेलं म्हणून डाग गेला! त्यातला निकेल धातू हिच्या कातडीला सोसत नाही. पाणी फुकट भाव खातंय."

तिने घरी येऊन एक जुनं झबलं बाजूला ठेवलं, बाकीच्यांची टिचबटणं कराकरा उसवली, कापडी बंद लावले. मलम सुरू केलं. महिना झाला, एक डाग नाही!

मग ती पोरीला, सासूला आणि ते जुनं झबलं घेऊन बोळात गेली. सगळ्यांसमोर सासूनेच ते पोरीच्या पोटावर धरलं. जिथे डाग होते त्या पाच जागा, तिथेच पाच बटणं.

बाबा पुटपुटला, "श्रद्धा कमी पडली..."

"गप्प बसा हो!" सासू कडाडली. "श्रद्धा भरपूर होती. तुमच्याकडे फक्त बटणं नव्हती!"

म्हणून सांगतो, बाळाच्या अंगावर काही विचित्र उठलं ना, तर आधी त्याचं झबलं उलटं करून बघा, आणि तडक डॉक्टर गाठा. त्याला बोलता येत नाही. विचार आपणच करायचा.