चौसष्ट खोल्यांचा अर्ज

काळाचौकीच्या कामतेकर चाळीत ते पत्र आलं, पण कुणाच्या नावावर आलं नाही. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर कुणीतरी खळ फासून ते चिकटवून गेलं होतं. दोन दिवस लोक समजत होते की लाइट बंद ठेवणार असल्याची नोटीस आहे. तिसऱ्या दिवशी दर्शना परब कामावरून येताना थांबली, भाजीची पिशवी पायाशी ठेवली आणि उभ्या उभ्या तिनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

दर्शना एका शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं क्लार्क होती. चाळीत कुणाकडेही सरकारी कागद आला की तो आधी तिच्याकडे यायचा, मग देव्हाऱ्यात नाहीतर कपाटात जायचा. पण हा कागद तिलाही कळला नाही. अकरा ओळींचं एकच वाक्य. न.भू.क्र. ४१७ (भाग) व ४१८ ते ४२२ मधून जाणाऱ्या १८.३० मीटर रुंद प्रस्तावित विकास नियोजन रस्त्याच्या आखणीत अंशतः फेरबदल करण्याचे योजिले असून, त्यायोगे बाधित होणारे क्षेत्र निवासी विभागातून वगळून... वाक्य असं पुढे पुढे जात होतं आणि त्यात एकही माणूस नव्हता. कोण बाधित होणार, कोण वगळणार, कुणी योजलंय, काही नाही. ज्याला काही सांगायचं असतं तो असं लिहीत नाही. ज्याला सांगितल्याची फक्त नोंद हवी असते तो असं लिहितो.

तिनं मोबाईलवर फोटो काढला आणि घरी येऊन ते वाक्य वहीत तोडून तोडून लिहिलं. शेवटी एवढंच हाती लागलं की कुठला तरी रस्ता कुठून तरी सरकणार आहे आणि कुणाला हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यायची आहे. तीस दिवस पत्रावरच्या तारखेपासून. पत्रावर तारीख तीन होती आणि ते चिकटवलं होतं सोळाला. तेरा दिवस साहेबांच्या टेबलानंच खाऊन टाकलेले.

आता ह्या नंबरांमधला आपल्या चाळीचा कुठला हे शोधायचं होतं. भाडेपावतीवर असला नंबर नव्हता, रेशनकार्डावर नव्हता, लाइटबिलावर नव्हता. साठ वर्षं एका जागेवर राहणाऱ्या माणसांना आपल्या जागेचा सरकारी नंबर माहीत नव्हता, कारण तो कधी कुणी विचारला नव्हता. दर्शनानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नियोजनाच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर गेली. तिथे सुमेधा म्हणून एक बाई होत्या, दादरच्या, नीट इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या. ओरडल्या नाहीत, उद्या या म्हणाल्या नाहीत. त्यांनी नकाशा उलगडला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाखवलं. जुनी रेघ शेजारच्या गोदामाच्या जागेतून जात होती. त्या जागेवर आता चाळीस मजली इमारत उभी राहत होती, पत्र्याच्या कुंपणाआड. नवी रेघ अलीकडे सरकली होती.

"म्हणजे आमच्या चाळीवरून?" दर्शनानं विचारलं.

"नकाशात चाळ नसते हो," सुमेधाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "हो. तुमचीच."

पुढे काय होणार तेही बाईंनी सांगितलं. उपलब्धतेनुसार पर्यायी सदनिका. कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण ह्या भागात उपलब्धता नसते हे दोघींनाही माहीत होतं.

चाळीत आली तेव्हा नऊ दिवस उरले होते. त्याच संध्याकाळी मंडळाच्या खोलीत सगळे जमले. बसायला जागा नव्हती म्हणून बायका दारातच उभ्या. दर्शनानं पत्राचा अर्थ सांगितला तेव्हा पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसेना. कुणी म्हणालं, रस्ता काय, पन्नास वर्षं येतोय. कुणी म्हणालं, टॉवरवाल्याचंच काम. हे दुसरं खरं होतं, पण खरं बोलून काही होत नाही, कागद लागतो. अर्ज कसा द्यायचा यावर मात्र वाद झालाच नाही. तो गुणाजी परबांनी होऊ दिला नाही.

गुणाजी म्हणजे दर्शनाचे सासरे, वय शहाऐंशी. चाळ त्यांना तात्या म्हणायची. पस्तीस वर्षं गिरणीच्या सांचाखात्यात, मागांच्या खडखडाटात, कान त्यानंच अधू झालेले. युनियनच्या कितीतरी अर्जांवर त्यांची सही होती आणि एकदाही एकट्याची नव्हती.

"एकट्याचा नाव कागदार घालू नको गो," ते दर्शनाला म्हणाले. "एकटो गावलो की तेका आधी उचलतत."

चाळीला हे शिकवावं लागत नव्हतं. पिण्याच्या पाण्यासाठी, संडासाच्या दुरुस्तीसाठी, मंडळाच्या परवानगीसाठी, दरवेळी एकच अर्ज आणि खाली सगळ्यांच्या सह्या. मोठ्या माणसाची सही पहिली. दर्शनानं तसाच अर्ज लिहिला. लिहिलाही चांगला. ते अकरा ओळींचं वाक्य तिनं साध्या मराठीत फोडून विचारलं होतं की गोदामाच्या जागेतला रस्ता आमच्या घरात का आणलात. खाली चौसष्ट खोल्यांच्या एकशे सत्त्याऐंशी सह्या, नऊ पानं. पहिली तात्यांची, थरथरती, पण पूर्ण नावानिशी.

तो द्यायला तीसेक जण गेले. सुमेधाबाईंनी पानं उलटली, आकडा पाहिला आणि दर्शनाकडे बघत हळूच म्हणाल्या, "वेगवेगळे दिलेत तर बरं. अजून चार दिवस आहेत."

दर्शना पेटली. तिच्या डोक्यात तात्यांच्या सगळ्या गोष्टी एकदम उठल्या. गेटवर अडवलेले, घरी बसवलेले, एकेकटे गाठून फोडलेले कामगार. ती म्हणाली, "फोडायची कामं करू नका मॅडम. आम्ही एकत्र आहोत ते तसंच घ्या." मागच्या बायकांनी मान डोलावली. सुमेधाबाईंनी शिक्का उचलला आणि पोच दिली. ती पोच मंडळाच्या खोलीत काचेखाली लावली गेली.

साडेतीन महिन्यांनी सुनावणीचं पत्र आलं. श्री. गुणाजी परब व इतर. दोन जणांनीच यावं. तात्या म्हणाले, पहिला नाव माझा, मीच जातलंय. धुतलेला सदरा, टोपी, टॅक्सी. चौथ्या मजल्याची लिफ्ट बंद होती. दर मजल्यावर थांबत ते दर्शनाबरोबर चढले.

साहेबांनी त्यांना चार मिनिटं दिली. तात्यांनी चाळ कधी बांधली तिथून सुरुवात केली आणि चार मिनिटांत ते त्यांच्या लग्नापर्यंत पोचले. साहेब ऐकत नव्हते, पण मान हलवत होते, आणि तात्यांना मान दिसत होती. मग साहेबांनी फाईलमधला तक्ता शेजारच्या माणसाला लिहून घेण्यासाठी वाचला. फेरबदलास समर्थन देणारी पत्रे, तीनशे बारा. हरकती, एक.

दर्शनाला वाटलं ते पान चुकलं असेल. ती म्हणाली, एकशे सत्त्याऐंशी. साहेब म्हणाले, बाई, सह्या कितीही असू देत, अर्ज एक. आम्ही अर्ज मोजतो. पुढचं प्रकरण.

बाहेर पॅसेजमध्ये तात्यांना बाकावर बसवून ती सुमेधाबाईंकडे गेली. तिनं विचारलं ती तीनशे बारा माणसं कोण. बाईंनी आवाज खाली आणला. छापील फॉर्म होते. नाव आणि सही तेवढी वेगळी. त्या इमारतीवरचे सुपरवायझर, सेल्सची पोरं, ड्रायव्हर, त्यांच्या बायका. प्रत्येकाचा स्वतंत्र फॉर्म, स्वतंत्र पोच.

"मी तुम्हाला तेव्हा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, दर्शनाला भांडता आलं असतं.

पंधरा दिवसांनी शेवटचं पत्र आलं, पुन्हा मीटरच्या पेटीवर. ह्या वेळी चार ओळींचं. प्राप्त हरकत व समर्थनपर सूचनांचा साकल्याने विचार करून फेरबदल मंजूर. हे वाक्य दर्शनाला पहिल्या वाचनात कळलं.

संध्याकाळी तात्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. सुनावणी चांगली झाली असं ते सगळ्यांना सांगत आले होते, साहेब मान हलवत होता म्हणून. गॅलरीत सातआठ जण उभे होते, पत्रात काय आहे ते ऐकायला. दर्शनानं त्यांच्या उजव्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं. अर्ज एकच धरला. समोरच्यांनी तीनशे बारा दिले. आपली चाळ गेली. आणि मग, सांगायची गरज नव्हती तरी, तिनं तेही सांगितलं की त्या बाईंनी आधी बजावलं होतं आणि आपण त्यांना फोडणारी म्हटलं.

समोर पत्र्याच्या कुंपणापलीकडे क्रेन फिरत होती. शेजारची अंबिका पुटपुटली की मुलगी पुढच्या वर्षी दहावीला आहे, शाळा कशी बदलणार.

तात्या बराच वेळ दर्शनाकडे बघत होते. तिला वाटलं, ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "माझो येगळो अर्ज लिव गो. एकट्याचो."

मुदत संपून चार महिने झाले होते. मंजुरी झाली होती. हा कागद कुठल्या टेबलावर जाणार नव्हता, गेला तर कुणी मोजणार नव्हतं. हे तिनं त्यांना सांगितलं नाही. आतून वही आणली, पान फाडलं, चार ओळी लिहिल्या. मी, गुणाजी परब, खोली क्रमांक अकरा, माझी हरकत आहे.

पाटीवर कागद ठेवून तात्यांनी सही केली. वेळ लागला. सही त्यांनी मजकुराच्या अगदी लगत, वरती केली, खाली अर्धं पान मोकळं सोडून. सही झाल्यावर पेनाला टोपण लावलं नाही. सवयीनं कागद आणि पेन शेजारच्या माणसाकडे सरकवलं.

शेजारी दर्शना होती. तिनं दोन्ही घेतलं आणि हातात धरून तशीच उभी राहिली.