नेट्टाचा झरा

मला जिंकायचं होतं, कारण जिंकणाऱ्याच्या हातात माईक देतात.

आमच्या अलाबामातल्या या तळ्यावर दर ऑगस्टात बास माशांची स्पर्धा होते. सकाळी सहाला होड्या सुटतात, दुपारी दोनला प्रत्येकाचे पाच मासे तराजूवर चढतात आणि पहिल्या आलेल्याला सगळ्यांसमोर विचारतात, "कुठे सापडले?" उत्तर द्यावंच लागतं, आणि आजवर एकानेही खरं दिलेलं नाही. गेल्या वर्षी जिंकलेला डब साइझमोर म्हणाला, "पुलाखाली." गावात नवीन आलेला दातांचा डॉक्टर बिचारा आठवडाभर पुलाखाली गळ टाकून बसला. अजून त्याला 'पूलवाले डॉक्टर' म्हणतात.

माझ्याकडे खरी जागा होती. तळ्याच्या उत्तर टोकाला पाणगवत इतकं माजलंय की बगळे त्यावरून चालत जातात. होडीचा पंखा एकदा त्यात गुरफटला की अर्धा दिवस कातरण्यात जातो, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. त्या गवताखाली नेट्टाच्या, माझ्या बायकोच्या, आजोबांच्या परसातला झरा आहे. धरण आलं, घर बुडालं, झरा वाहतोच आहे. उन्हाळ्यात तळं कोमट झालं की मोठे मासे त्या गारव्याला येऊन बसतात. एकतीस वर्षं आम्ही दोघं तिथे जात होतो. नेट्टाने बजावून ठेवलं होतं, "हॉलिस, स्पर्धा जिंकलास तर सांग हवं तर. तोवर तोंड उघडलंस तर बघ!"

तिला जाऊन दोन वर्षं झाली. घरातलं एकटेपण मी सोसतो. रेडिओ असतो, कुत्री असते. झऱ्यावर मात्र होडीतल्या पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मी बोलायला जातो आणि गप्प बसतो. तिथे कुणीतरी यायला हवं होतं. कुणीही. पूलवाले डॉक्टरसुद्धा चालले असते. पण नेट्टाला दिलेला शब्द मोडायचा नव्हता, म्हणून आधी जिंकणं भाग होतं.

स्पर्धेच्या दिवशी अकरापर्यंत चार मासे मिळाले. मग दीड तास काही नाही. साडेबाराला मी गळाला लावलेला रबरी बेडूक गवतावरून ओढत आणत होतो, तेवढ्यात गवताला खालून भगदाड पडलं आणि बेडूक दिसेनासा झाला. मी काठी खेचली, तर मासा बुडी मारून गवतात रुतून बसला. अशा वेळी मी काठी धरायचो आणि नेट्टा जाळं घालायची. आता काठी गुडघ्यांत धरली, होडीत पालथा पडलो आणि खांद्यापर्यंत हात घालून मूठ मूठ गवत उपसलं. हाताला गार पाणी लागलं, झऱ्याचं. मग जबडा लागला. वर आला तो गवताचा भाराच होता, आणि त्यात सात पौंडांचा मासा. मी ओरडलो, "नेट्टा, बघ!" आणि मासा रिकाम्या खुर्चीकडे उचलून धरला.

धक्क्यावर यंदा तराजू डबकडे होता. "बावीस पौंड सहा औंस!" तो ओरडला. "म्हातारबा, कुणाच्या टाकीतून चोरलेस?" लोक हसले. त्याने माईक दिला. "बोल, कुठे सापडले?"

मी सगळं सांगितलं. उत्तरेचं टोक, वठलेल्या सायप्रसच्या झाडाच्या डावीकडे साठ पावलं, खाली झरा. "उद्या सकाळी मी तिथेच असेन," मी म्हणालो. "या कुणीही. जागा भरपूर आहे."

मग असा हशा पिकला की डब तराजूवर वाकला.

"झरा म्हणे! अरे, पुलाच्या वरताण थाप मारलीस की!"

"साठ पावलं? पाण्यावर चालतोस काय रे?" मागून कुणीतरी ओरडलं.

पूलवाले डॉक्टर तर डोळे मिचकावून म्हणाले, "मी नाही हं आता फसायचा!"

मीही हसलो. दुसरं काय करणार? चषक काखेत मारून घरी आलो.

तरी दुसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे मोठा थर्मास भरून कॉफी घेतली, सॉसेज भरलेले सहा पाव बांधले आणि झऱ्यावर जाऊन बसलो. नेट्टाची खुर्ची पुसून ठेवली. एखाद्याला तरी वाटेल, म्हातारा खरं बोलला असेल, अशी आशा होती. साताच्या सुमाराला लांबून होड्या येताना दिसल्या. मी उभा राहून टोपी हलवली.

डबने होडी हळू केली आणि तिथूनच हाक मारली, "हॉलिस! अरे, स्पर्धा संपली! आता कशाला नाटक करत बसलायस?"

"ये तर खरा! कॉफी आहे!"

"पक्का आहेस हं!" तो हसत ओरडला आणि होडी दक्षिणेकडे वळवली. बाकीचेही त्याच्यामागून गेले.

मी खाली बसलो. दोन पेल्यांत कॉफी ओतली, सवयीने.

"तुझी जागा शाबूत आहे गं," मी खुर्चीला म्हणालो. "सगळ्या गावाला सांगून बघितलं."

मग दोन्ही पेले मीच प्यायलो.