दिलेला शब्द

त्याने कात्रीच्या टोकाने पाचवे बटण उसवले आणि आधीच्या चारांशेजारी मशीनच्या फळीवर ठेवले. ताईचा निळा गाऊन त्याच्या मांडीवर उलटा पसरला होता. बटणांच्या जागी चिकटपट्टी लावली की तिला तो एका हाताने बंद करता आला असता. ती समोरच खुर्चीत बसून बघत होती. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता, कुणीतरी सांभाळायला ठेवून गेलेल्या सामानासारखा.

"हे बघ. दाबलं की बंद, ओढलं की उघडं," तो म्हणाला. "जमेल ना?"

"परवा," ताई म्हणाली.

अर्धांगाचा झटका येऊन पाच आठवडे झाले होते आणि तिच्याकडे हा एकच शब्द उरला होता. भूक लागली का? परवा. दुखतंय का? परवा. इस्पितळात डॉक्टरांनी नाव विचारले, तेव्हाही तिने तितक्याच ठामपणे परवाच सांगितले होते. समोरच्या दुकानातला चष्मेवाला तिला भेटायला आला, तेव्हा त्याला हसू आवरेना. "मास्तर, तीस वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांना जे ऐकवलंत, ते आता तुमच्या कानावर येतंय."

यावर ताईही हसली होती, तोंडाच्या एकाच बाजूने. समजत तिला सगळे होते. फक्त बोलायची वाट बंद झाली होती.

ती अडुसष्ट वर्षांची, तो सात वर्षांनी लहान. आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि सोळा वर्षांच्या ताईने त्याला वाढवले. तो इतका किडकिडीत होता की ती त्याला दोऱ्या म्हणायची, पुढे तो शिंपीच झाला तेव्हा म्हणाली, "बघ, नाव ठेवताना मी विचार केला होता." तिने स्वतः लग्न केले नाही. शाळेत गाणे शिकवले, चर्चमध्ये चाळीस वर्षे गायकवृंद सांभाळला. आणि गेली नऊ वर्षे ती दोघे दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. रस्त्यात समोरासमोर आली की ती थबकायची. तो कुठल्या तरी दुकानाची पाटी वाचत पुढे जायचा.

इस्पितळातून फोन ताईचा नव्हे, चर्चच्या पाळकसाहेबांचा आला होता. "तुमच्याशिवाय त्यांना आहे कोण?" एवढेच ते म्हणाले. त्याने दुकानामागच्या दोन खोल्यांतली उजेडाची खोली रिकामी केली आणि तिला घरी आणले. या गोष्टीबद्दल लोक त्याचे कौतुक करत. ते ऐकले की तो मशीनमध्ये उगाच तेल घालायला लागे.

बुधवारी सकाळी पाळकसाहेब आले. तरुण माणूस; हेल्मेट काखेत तसेच धरून ताईच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसला. दाराशी ताईचा भाऊ एका कोटाच्या बाहीचे माप घेत होता. पाळकांनी डोळे मिटले आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या शब्दाला त्यांच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला.

त्याच्या हातातली टेप खाली पडली.

ताई म्हणत होती. अडखळत नव्हती, चाचरत नव्हती. शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलांना ऐकवावे तसा एकेक शब्द स्वच्छ येत होता. आमेनपर्यंत ती पोचली, तेव्हा पाळकांच्या डोळ्यांत पाणी होते.

"बाई, आता बोला! अजून काहीतरी बोला."

ताईने मोठा श्वास घेतला. "परवा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

शुक्रवारी बोलणे शिकवणारी मुलगी आली, तिला मात्र नवल वाटले नाही. "पाठ असलेलं दुसऱ्या वाटेनं येतं," तिने समजावले. "प्रार्थना, गाणी, जे लहानपणापासून तोंडात बसलंय ते. ती वाट उघडी आहे, हे फार चांगलं झालं. तुम्ही रोज त्यांच्यासोबत बसायचं. फक्त पहिला शब्द द्यायचा. पुढचं त्या म्हणतील."

"प्रार्थनाच हवी का?" त्याने विचारले. "दुसरं काही चालेल?"

"चालेल की. वार, महिने, अंक."

तेव्हा तो रोज दुपारी समोर बसून 'सोमवार' म्हणू लागला. ताई बिनतक्रार रविवारपर्यंत जाई, आणि मग अपेक्षेने त्याच्याकडे बघत राही. तो 'जानेवारी' म्हणे. चार सुरांत मोठमोठ्या मंडळींना गायला लावणारी बाई, डिसेंबरपर्यंत जाऊन खिडकीबाहेर बघायची. तिला काय हवे होते ते त्याला कळत होते. ते त्याच्या तोंडून निघत नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी त्याची बायको आठ महिने आजारी होती. ताई रोज शाळा सुटली की यायची, तिचे पाय चेपायची, प्रार्थना करायची, हळू आवाजात गायची. तोही तेव्हा शेजारी गुडघे टेकायचा. जाण्याच्या चार दिवस आधी बायकोने त्याचा हात धरला होता. "मला माती देताना ताईंना गायला सांगा. नुसतं हो नको. शब्द द्या." त्याने दिला होता.

आणि ती गेली त्या पहाटे ताई धावत आली, तेव्हा त्याने तिला दारातच अडवले. त्याला काय झाले होते ते त्यालाही सांगता आले नसते. आठ महिने गिळलेले सगळे एकदम वर आले. "ऐकलं का तुझ्या देवानं? ऐकलं? मग तू आणि तुझी गाणी, दोन्ही माझ्या दारात नकोत. मातीलाही येऊ नकोस."

ती आली होती. दफनभूमीच्या फाटकाच्या आत मात्र आली नाही. पिशवी छातीशी धरून बाहेर उभी होती. जुन्या पाळकांनी एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "आटपा." आणि त्याच्या बायकोला कुणीही न गाता माती मिळाली. त्या दिवसानंतर तो चर्चची पायरी चढला नाही. लोकांना वाटायचे, देवावर रुसलाय. खरे तर तिथे गायकवृंदाच्या पहिल्या रांगेत ताई उभी असायची.

एका दुपारी ताईला काहीतरी सांगायचे होते. "परवा," ती म्हणाली आणि दाराकडे बोट केले. त्याने दार लोटले. "परवा, परवा." त्याने पाणी आणले, शाल आणली, चष्मा आणला. प्रत्येक वस्तूला ती डोके हलवत होती. शेवटी तिने डाव्या मुठीने खुर्चीच्या दांड्यावर जोराने मारले, आणि रडायला लागली. त्याने तिला आईवडिलांच्या वेळीसुद्धा रडताना पाहिले नव्हते.

तो तिच्यासमोर बसला आणि त्याने प्रार्थनेचा पहिला शब्द दिला.

आपलाच आवाज त्याला परका वाटला. पण अंधाऱ्या जिन्यात कठडा सापडावा तशी ताईने ती ओळ धरली. ती म्हणत गेली, तो मागून ओठ हलवत गेला. रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत आली. पुढच्या ओळीपाशी ती अडली. रडून दमली होती. तिने त्याच्याकडे पाहिले, शब्द दे म्हणून.

पुढची ओळ क्षमेची होती. त्याला ती येत होती. तिनेच त्याला शिकवली होती, अंथरुणात, दिवा मालवल्यावर. त्याने तोंड उघडले आणि भलतेच बाहेर पडले.

"तिनं तुझं नाव घेतलं होतं, ताई. मातीच्या वेळी तूच गायचं, असं मला सांगून गेली होती. मी शब्द दिला होता. आणि तुला फाटकाबाहेर उभं केलं." तो थांबला. "तुला वाटलं असेल, तिलाच तू नको होतीस. नऊ वर्षं तुला तसं वाटू दिलं मी."

ताई मान हलवायला लागली. नाही. नाही.

"मला माफ करशील?"

ती मान हलवतच होती. ओठ जुळवत होती, सोडत होती. कितीतरी वेळ लागला. मग सगळा जीव एकवटून ती म्हणाली, "परवा."

त्याला हसू फुटले. ते हसू कुठे संपले आणि दुसरे काय सुरू झाले ते त्याला कळले नाही. तो खाली मान घालून बसला होता, आणि ताई डाव्या हाताने त्याच्या कॉलरवर चिकटलेला दोरा काढत होती. दोरा निघाला तरी तिची बोटे तिथेच राहिली. पण त्याच्या डोळ्यांसमोर राहिली ती तिची हलणारी मान. नाही म्हणत होती ती. त्याने स्वतःशी कबूल केले, तिच्या जागी आपणही नाहीच म्हटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चष्मेवाल्याला घटकाभर ताईजवळ बसवले आणि तो दफनभूमीत गेला. जिची माफी मागायची राहिली होती अशी आणखी एक तिथे होती. नऊ वर्षांत तो फार तर दोनदा आला असेल. कबर सापडायला वेळ लागेल, गवत माजले असेल, असे त्याने धरले होते. पण कडा स्वच्छ होत्या, दगड पुसलेला होता. पलीकडे म्हातारा राखणदार नळी धरून झाडांना पाणी घालत होता.

"कोण तुम्ही?" राखणदाराने विचारले.

"मी हिचा नवरा."

म्हाताऱ्याने त्याला खालवर न्याहाळले. "गाणाऱ्या बाई बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत."

"कोण बाई?"

"अहो, शाळेतल्या. दर महिन्याला येतात. दगड पुसतात, गाणं म्हणतात, जातात. मी म्हटलं, आजारी-बिजारी आहेत की काय."

तो शेजारच्या कठड्यावर बसला. "केव्हापासून येतात?"

"पहिल्या दिवसापासून." म्हाताऱ्याने नळी आळ्यात सोडली. "तुम्ही सगळे गेलात, मी माती ओढत होतो. निम्मी झाली होती. बाई आत आल्या, म्हणाल्या, थोडा वेळ मिळेल का? हिला शब्द दिलाय मी. मी फावडं बाजूला ठेवलं. चारही कडवी म्हटली त्यांनी. एकदासुद्धा आवाज फुटला नाही. मी इतकी वर्षं इथं आहे, पण तसं ऐकलं नाही."

म्हणजे बायकोने दोघांकडूनही शब्द घेतला होता. तिला आपला नवरा माहीत होता. गाणे झाले होते, पूर्ण झाले होते. आणि त्याच वेळी तो घरी एकेक औषधाची बाटली मोरीत फोडत होता. ते ऐकायचे राहून गेले होते त्याचेच. आणि ताई काल दाराकडे बोट का करत होती, नाही कशाला म्हणत होती, हे त्याला आता समजले: आपण नको होतो असे तिला कधी वाटलेच नव्हते.

"नंतर प्रार्थना करायच्या," म्हातारा म्हणाला. "मोठ्यानं करायच्या, म्हणून कानावर पडायचं. आधी ह्यांच्यासाठी, मग कुणा दोऱ्यासाठी. त्याला एकटं सोडू नको म्हणायच्या. मुलगा का त्यांचा?"

"मुलासारखाच," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "गाणं कुठलं होतं?"

"शब्द नाही येत मला. मी तुमच्यातला नाही." म्हातारा जरा ओशाळला. "चाल येते." आणि झाडांकडे तोंड करून त्याने ती गुणगुणून दाखवली, जशी येत होती तशी.

तो परत आला तेव्हा दुकानात ऊन आले होते. चष्मेवाला उठून गेला. ताईने निळा गाऊन घातला होता, पट्टी तिची तिनेच लावली होती, थोडी वाकडी. तो स्टूल ओढून तिच्या डाव्या बाजूला बसला. त्याला तिला पुष्कळ सांगायचे होते. फाटकाबाहेर ती किती वेळ थांबली असेल ते विचारायचे होते. पाऊस होता की ऊन, त्याला आठवत नव्हते. त्यातले काहीच त्याने विचारले नाही. पहिला शब्द त्याच्याकडे नव्हता, म्हणून म्हाताऱ्याने दिलेली चाल तो गुणगुणू लागला.

ताई ताठ झाली. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिले, डोळ्यांत, बराच वेळ. मग तिच्या कपाळावर आठी पडली आणि तिने डाव्या हाताच्या बोटाने खुर्चीच्या दांड्यावर दोनदा टकटक केले. बेसूर पोरांना थांबवायची तिची ही खूण होती. सगळी शाळा तिला घाबरायची.

तो थांबला. तिने पुन्हा बोट उचलले आणि वाट बघत राहिली.

त्याने जरा खालच्या सुरातून सुरुवात केली.