यंदा शिंगं लवकर झडली

जंगलातल्या प्राण्यांच्या गणनेचा निकाल आला तेव्हा स्वप्नालीच्या बीटमध्ये नर सांबरांच्या रकान्यात शून्य होतं.

मागच्या वर्षी तिथं सात होते. रेंज ऑफिसातल्या बैठकीत साहेबांनी दोन्ही आकडे सगळ्यांसमोर वाचले आणि विचारलं, "सात नर गेले कुठं? रत्नागिरीला फिरायला?"

कुणीतरी हसलं. स्वप्नाली उभी राहिली. ती मूळची शिरोळची, उसाच्या पट्ट्यात वाढलेली. वनरक्षक म्हणून शाहूवाडीच्या या डोंगरात आली तेव्हा तिला सांबर आणि भेकर यांतला फरकही नीट सांगता येत नव्हता. आता अख्खं बीट तिच्या पायाखालचं होतं.

"नर आहेत, साहेब," ती म्हणाली. "त्यांची शिंगं झडलीत, म्हणून रानात लावलेल्या कॅमेऱ्यात माद्यांसारखे दिसतायत."

"शिंगं झडतात उन्हाळ्याच्या तोंडाला. म्हणून तर आपण गणना जानेवारीत करतो."

"यंदा लवकर झडली. का झडली, ते मला माहीत नाही. पण हा फोटो बघा. मान केवढी जाड आहे. आणि डोक्यावर हे दोन गोल डाग, शिंगं होती तिथं."

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि टेबलावर ठेवला. पहाटेच्या धुक्यात निघालेला तो फोटो होता. त्यात डाग होते, पण ते कसलेही असू शकले असते.

"मादी म्हणूनच मोजलीय ही," साहेब म्हणाले. "राहू दे."

आठवडाभरात पेपरात बातमी आली, 'सात सांबरांची शिकार?' पुढचं प्रश्नचिन्ह कुणी वाचलं नाही. साहेबांना वरून फोन सुरू झाले, आणि साहेबांनी जंगलाच्या कडेच्या उंबरवाडीतली माणसं एकेक करून बोलवायला सुरुवात केली.

पहिलं नाव पिराजीचं. पिराजीचा बाप संस्थानच्या काळात शिकारीच्या हाक्याला जायचा, रान उठवायचा. पिराजीनं स्वतः उभ्या जन्मात म्हशीच्या मागं फिरण्यापलीकडं जंगलात काही केलं नव्हतं. पण 'शिकाऱ्याचं घर' ही ओळख काही पुसली नव्हती. त्याला सकाळी बोलवायचे, बाकावर बसवायचे आणि संध्याकाळी 'उद्या या' म्हणून घरी पाठवायचे. विचारायचं असं कुणाकडंच काही नव्हतं.

स्वप्नालीला हे बघवेना. ती साहेबांशी बोलली, तर ते म्हणाले, "मग आण की तुझे नर."

जिवंत नर आणता येत नाहीत. झडलेली शिंगं आणता येतात. तिनं पाणवठे पालथे घातले, करवंदीच्या जाळ्यांत वाकून बघितलं, ओढ्याच्या कडेकडेनं चालली. एका ठिकाणी बोटाएवढा तुकडा मिळाला, तोही साळिंदरानं कुरतडलेला. बाकी काही नाही. एवढी मोठी जनावरं, एवढी जड शिंगं, आणि जमिनीवर त्यांचा मागमूस नाही. ती एका दगडावर बसली आणि हातातली काठी तिनं समोरच्या वारुळावर फेकून मारली.

उतरताना ती पिराजीच्या घराकडं वळली. त्याची बायको शालूबाई अंगणात शेण गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

"आज परत बोलवाय आलीस व्हय?"

"न्हाय. मामांना विचारायचं होतं, रानात कुठं शिंगं पडलेली दिसली का."

"जनावरं तुमची, रान तुमचं. आमाला कशाला इचारतीस?"

पिराजी दारात येऊन उभा राहिला. त्यानं शालूबाईकडं बघितलं. मग म्हणाला, "शिंगं घावली तर काय हुईल?"

"शिकार झाली न्हाय, हे दाखवता येईल. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचं हाड चिकटून येतं, न्हायतर करवतीची खूण असती. आपसूक गळलेल्या शिंगाचं बूड गोल असतं. बघितल्यावर कळतंय."

पिराजी गोठ्यात गेला. त्यानं भाताचं पिंजर बाजूला केलं. खाली पोत्यात गुंडाळलेली पाच शिंगं होती, तपकिरी, बुडाला अजून ओलसर वाटावीत अशी ताजी.

"म्हशी घेऊन गेलतो, तवा घावली," तो म्हणाला. "यंदाच पडल्याती, दिवाळी झाल्यावर. कोयत्याच्या मुठीला बरी पडत्यात, म्हणून आणली. मग ही भानगड झाली आणि भ्या वाटाय लागलं."

स्वप्नालीनं एक शिंग हातात घेतलं. बुडाची गोल, खडबडीत कडा तिनं अंगठ्यानं चाचपली. इतके दिवस ती ज्यासाठी रान धुंडाळत होती, ते या पिंजराखाली होतं.

"मामा, घरात ठेवणं हाच गुन्हा हाय," ती म्हणाली. "पडलेलं असलं तरी. ते मी लपवून ठेवणार न्हाय. पण तुम्ही आपण होऊन आणून दिलीत, तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. साहेब समजून घेतील."

"घेतील?" शालूबाईनं विचारलं.

"घेतील," स्वप्नाली म्हणाली. तिला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पिराजीनं पोतं स्वतःच्या खांद्यावरून ऑफिसात आणलं. साहेबांनी प्रत्येक शिंग उलटून बघितलं. त्यांचा चेहरा सैलावला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, आणि काम त्यांना कळत होतं.

"झडलेलीच आहेत," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं, स्वप्नाली."

तिनं पिराजीकडं बघितलं. तोही थोडा हसला.

मग साहेबांनी कारकुनाला आत बोलावलं आणि पंचनामा सांगायला सुरुवात केली. गुप्त माहितीवरून छापा टाकला असता आरोपीच्या गोठ्यातून सांबराची पाच शिंगं जप्त करण्यात आली.

"साहेब, छापा कुठला?" स्वप्नाली म्हणाली. "ते चालत आलेत. मी आणायला सांगितलं म्हणून आणलीत."

"शिंगं घरात होती की नव्हती?"

"होती."

"मग? पेपरात आलंय, वरून रोज फोन येतोय. मी काय सांगू, काहीच झालं नाही?"

"हो. काहीच झालं नाही. तेच खरं आहे."

"ते खरं कुणाला नकोय," साहेब म्हणाले आणि पेन तिच्यापुढं सरकवलं. "सही कर."

तिनं सही केली नाही. वेगळा कागद मागून घेतला आणि जे घडलं ते लिहिलं. पिराजी आपण होऊन आला, शिंगं मी आणायला सांगितली, शिकारीचा कुठलाही पुरावा नाही. तो कागद तिनं आवक-जावकमध्ये देऊन शिक्का मारून घेतला. पंचनाम्यावर दुसऱ्या दोघांनी सह्या केल्या. पिराजी ती रात्र कोठडीत राहिला आणि दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला.

'शिकाऱ्याच्या घरातून शिंगं जप्त,' अशी बातमी आली. यात प्रश्नचिन्ह नव्हतं.

स्वप्नालीनं गणनेचा निकाल दुरुस्त करायला पाठवला. तो परत आला. तक्त्यात नर म्हणजे शिंगवाला. शिंगं झडलेल्या नरासाठी रकानाच नव्हता, आणि यंदापुरता नवा रकाना करता येत नव्हता. तिनं पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. पुढच्या वेळी गणना दिवाळीच्या आधी घ्या, असंही तिनं कळवलं. त्याला उत्तरच आलं नाही. तिला मात्र मेमो आला, वरिष्ठांच्या आदेशाचं पालन न केल्याबद्दल.

उन्हाळ्यात ते नर पाणवठ्यावर दिसू लागले. नवी शिंगं हातभर वाढली होती, मखमलीसारखी लव असलेली. तिनं लख्ख उजेडात फोटो काढले, ऑफिसात नेले. साहेबांनी बघितले. "छान आलेत," म्हणाले.

पिराजीची तारीख लागली की ती रजा टाकून कोर्टात जायची. वकिलानं साक्षीदार म्हणून तिचं नाव दिलं होतं. साहेबांनी दोनदा समजावून सांगितलं, की खात्यात राहून खात्याविरुद्ध साक्ष देणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, "मी खात्याविरुद्ध बोलत नाही. झालं ते सांगणार आहे." पण सांगायची वेळ काही येत नव्हती. कधी सरकारी वकील नसायचे, कधी साहेब कामात असायचे.

परवाच्या तारखेलाही तसंच झालं. कोर्टाच्या व्हरांड्यात पिराजी, शालूबाई आणि ती असे तिघं भिंतीला टेकून बसले होते. पिराजी आता म्हशी रानात नेत नव्हता. माळावरच चारायचा.

"घरात चुलीची लाकडं आणाय बी भ्या वाटतंय," तो म्हणाला.

"माझ्यामुळं झालं," स्वप्नाली म्हणाली.

शालूबाई इतके दिवस तिच्याशी बोलली नव्हती. आता ती समोर बघत म्हणाली, "तुझ्यामुळंच. त्यो सायब खोटं बोलला, त्याचं मला काय बी वाटत न्हाय. पर तू खरं बोलत हुतीस, म्हणून आमी पोतं सोडलं. तुझा राग येतोय त्यो त्याचाच."

"येऊ द्या," स्वप्नाली म्हणाली. "पुढच्या तारखेला पण येणार मी."

"ये की. तू न्हाय आलीस तर खरं सांगनार कोण?"

शिपायानं पिराजीचं नाव पुकारलं. तिघं उठून आत गेले. साहेब आले नव्हते. पुढची तारीख मिळाली, आणि ते बाहेर येऊन मलकापूरच्या स्टँडकडं चालू लागले.