जुनेराचं झबलं

तान्ह्या बाळाला नवं कापड घालायचं नाही, हा गोदाबाईचा कायदा होता. नव्या कापडाला खळ असते, ती टोचते. पहिलं झबलं शिवायचं ते जुनेराचं, घरातल्या बाईनं नेसून नेसून मऊ केलेल्या लुगड्याचं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्यांच्या गल्लीत आता सगळे दुकानातून पाकिटं आणत. आणोत बापडे!

म्हणून नात झाली तसं तिनं आपलं रोजचं हिरवं लुगडं फाडलं आणि हातानं झबलं शिवलं. बाळाला काचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली. मुलगा गजेंद्र कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, मी दिवाळीले आणलेल्या लुगड्याची तं घडीबी नाही मोडली तू. अन् नेसाचं फाडलं?"

"नवं मले कोणासाठी नेसाचं हाये?" ती म्हणाली. बोलून चालून विधवा बाई, आणि हट्टी.

सून दीपिका जबलपूरची. तिला मराठी येत नव्हतं, आणि किरनापूरकडच्या खेड्यात वाढलेल्या गोदाबाईची हिंदी भाजीबाजारापुरती. तरी दोघींचं बरं जमे. पण आता गजेंद्र बायको-लेकीला मलाजखंडला न्यायला आला होता, तिथं तो तांब्याच्या खाणीत कामाला होता. गोदाबाईला एकाच गोष्टीनं घोर लावला होता. तिकडं गेल्यावर पोरीला आपली आठवण कशी राहावी? तेवढं झबलंच काय ते सोबत जाणार.

निघायच्या सकाळी दीपिका बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ते हिरवं झबलं सासूपुढं धरलं. "माँजी, इसको टांक दीजिए न."

टाक! गोदाबाईच्या कानात तेवढाच शब्द शिरला. टाकून द्या म्हणते! तिचा चेहरा खर्रकन उतरला. काहून म्हणून न विचारताच तिनं झबलं ओढून घेतलं. रागही आला. शहरातली पोर, हिला जुनेराची काय किंमत! मग रागाखालून रडू आलं.

दाराशी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. गोदाबाईनं भाजीची देठं गाडीत टाकली. झबलं मात्र हातून सुटेना. "माई, वो भी डालो," गाडीवाला महागू म्हणाला. "तू जाय तुया रस्त्यानं," असं त्याच्यावर खेकसून तिनं ते कमरेला खोचलं.

जीप आली. दुकानातला कडक फ्रॉक घातलेली पोर रडून रडून लालबुंद झाली होती. दीपिका बॅगा उपसत होती. "माँजी, झबला कहाँ है? टांका नहीं आपने?"

"नाही टाकलं!" गोदाबाईचा बांध फुटला. "नाही टाकवलं मले. तुले नसन घालाचं तं नको घालू, पण कचऱ्यात नाही टाकणार मी!"

गजेंद्रला आधी कळलं आणि तो पोट धरून हसायला लागला. "अवं आई, टाक नाही म्हणली ते. टांक! टाका घाल म्हणली, सुईनं!"

"डोरी टूट गई थी, माँजी," दीपिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "फेंकने को कैसे कहूँगी? ये इसी में सोती है. आपकी खुशबू आती है न इसमें. इसलिए मैं इसे धोती भी रात को हूँ, कि सुबह तक सूख जाए."

गोदाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली. घाईत सुईत दोरा जाईना, तो दीपिकानं ओवून दिला. जीपवाला हॉर्न देत राहिला. गोदाबाईनं तुटलेला बंद टाक्यावर टाका घालून असा पक्का केला, की झबलं फाटलं असतं पण बंद तुटला नसता. झबलं अंगात गेलं आणि पोर हुंदके देत देत झोपली.

"ये छोटा हो जाएगा," जीपमध्ये बसताना दीपिका म्हणाली. "फिर दूसरा बनाएँगी न?"

"हौ, बनवीन ना," गोदाबाई म्हणाली.

जीप वळणाआड गेली. ती घरात आली. पेटी उघडून तिनं दिवाळीचं लुगडं काढलं, कडक, खळ तशीच असलेलं. घडी मोडली, नेसली आणि अंगणात खरकटी भांडी घासायला बसली.

शेजारची अंजू कुंपणावरून ओरडली, "काहून वं काकू, नवंकोरं लुगडं नेसून भांडे घासून राह्यली?"

"जुनं कराचं हाये ते," गोदाबाई म्हणाली. "पोर लवकर वाढन."